विजयाबाईंची बारा तासांची वही

आमच्या शाळेतल्या सगळ्या शिक्षिका आता मॅडम झाल्या आहेत. बाई एकच उरल्या आहेत, त्या म्हणजे विजयाबाई खातू. सत्तावीस वर्षांपूर्वी त्या चिपळूणकडून सिल्वासाला आल्या त्या दहावीचं गणित घेऊन, आणि दहावीचं गणित त्यांनी अजून कोणाच्या हाती दिलेलं नाही. नवे मुख्याध्यापक येतात, टाइमटेबल बदलतात, पण 'दहावी, गणित, खातू' हा चौकोन कोणी खोडत नाही. एकाने खोडून पाहिला होता. त्याची बदली झाली. बाईंचा त्यात काही हात नव्हता, पण तेव्हापासून कोणी प्रयत्न केला नाही.

मी याच शाळेत मराठी शिकवतो. दहावीत मला गणितात छत्तीस गुण मिळाले होते आणि त्या दिवसापासून माझा आणि त्या विषयाचा छत्तीसचा आकडा आहे. स्टाफरूममध्ये आम्ही समोरासमोर बसतो. मी निबंध तपासता तपासता उसासे टाकतो, बाई वह्या तपासता तपासता मधेच खुदकन हसतात. गणिताच्या वहीत हसण्यासारखं काय असतं हे मला वीस वर्षांत कळलं नव्हतं आणि विचारायची हिंमतही झाली नव्हती.

अशा बाईंनी एका डिसेंबरात जाहीर केलं की जानेवारीत त्या बारा दिवस रजेवर जाणार. मुख्याध्यापक प्रभाकर सरांनी चहाचा कप खाली ठेवला. जानेवारी म्हणजे प्रिलिमच्या तोंडावरचा महिना. त्या महिन्यात बाईंना ताप आला तरी त्या तो शनिवारी दुपारनंतर येऊ देतात.

कारण त्यांनी लपवलं नाही. त्यांची मुलगी मृणाल चिपळूणला सासरी होती आणि तिचं दुसरं बाळंतपण जवळ आलं होतं. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे माहेरी, म्हणजे इथेच झालं होतं, पाच वर्षांपूर्वी. तेव्हा सकाळी मृणालला कळा सुरू झाल्या, बाईंचे यजमान जयवंतराव तिला रिक्षात घालून दवाखान्यात घेऊन गेले आणि बाई म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे, मी दहावीचा एक तास घेऊन आलेच." पहिलटकरणीला वेळ लागतो असा त्यांचा हिशोब होता. हिशोब चुकला. नातू रोहन आला तेव्हा आजी फळ्यावर काटकोन त्रिकोण काढत होत्या.

मृणाल तेव्हा एका शब्दाने बोलली नाही. या खेपेला मात्र तिने फोनवर शांतपणे सांगितलं, "आई, मी मावशीला बोलावते. तुला दहावी असेल ना." बाई म्हणाल्या, मी येणार. त्यावर ती म्हणाली, "मग ये. पण शाळेचा एक जरी फोन आला तर त्याच पावली परत जा. मला अर्धी आई नको."

हे बाईंनी मला सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. बाईंच्या डोळ्यांत पाणी मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि मला काय बोलावं सुचेना. मराठीच्या मास्तराला नको तेव्हा शब्द सुचतात आणि हवे तेव्हा सुचत नाहीत.

"तर अरविंद सर," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "माझे बारा तास तुम्ही घ्यायचे."

मला वाटलं, त्या चेष्टा करताहेत. आमच्याकडे बदली तासाला सगळे प्रॉक्सी म्हणतात, आणि प्रॉक्सीची रीत ठरलेली आहे. वर्गात जायचं, 'स्वाध्याय करा' म्हणायचं, खुर्चीत बसून आपल्या वह्या तपासायच्या आणि आवाज फार वाढला की डस्टर आपटायचं. बाईंना ते माहीत होतं. म्हणून तर त्यांनी सत्तावीस वर्षं रजा काढली नव्हती.

"विज्ञानाचे सर आहेत की," मी म्हणालो.

"ते निवडणूक याद्यांच्या कामाला. आणि ते असते तरी नको होते. त्यांना गणित येतं. ज्याला येतं तो मनाचं घालतो. तुम्हाला येत नाही, तुम्ही मी लिहीन तेच कराल."

एवढा मोठा अपमान इतक्या प्रेमाने माझा कोणी केला नव्हता. मी हो म्हणालो.

पुढचे चार रविवार बाईंच्या घरी तालमी चालल्या. जयवंतराव सिंचन खात्यातून निवृत्त झालेले, शांत माणूस. त्यांना जेवणाच्या टेबलाशी बसवून बाई एकेक तास शिकवत आणि किती मिनिटं लागतात ते मांडत. जयवंतराव मला बाजारात भेटले तेव्हा म्हणाले, "मला आळीपाळीने वर्गातली सगळी पोरं व्हावं लागतं हो. परवा भावेश झालो, ते जमलं. दुर्गा व्हायचं काही जमत नाही. ती मुलगी फार हुशार आहे."

यातून तयार झाली ती वही. दोनशे पानी, खाकी कव्हर घातलेली, एका दिवसाला बारा-पंधरा पानं. अशी वही मी जन्मात पाहिली नव्हती. पहिल्या तासाचं पान असं सुरू होत होतं: '११.२० – आत जा. हसू नका. ११.२१ – भावेश खिडकीशी बसला असेल, त्याला मधल्या रांगेत आणा. तो म्हणेल, डोळ्यावर ऊन येतं. तिथे ऊन येत नाही. ११.२४ – पुढील पाच ओळी फळ्यावर जशाच्या तशा उतरवा.' मग फळा आखून दाखवला होता. कुठली ओळ डावीकडे, कुठली उजवीकडे, कुठे खडू दाबायचा. मुलं 'का?' म्हणाली तर काय करायचं तेही होतं: 'उत्तर देऊ नका. फळ्याकडे बघत मनात चाळीस मोजा. कोणीतरी सांगेल.' शेवटी रोजचं एक कलम होतं: 'मधे हात वर येतील. बघू नका. घंटेला पाच मिनिटं असताना विचारा, कोणाला काही म्हणायचं आहे का? जो बरोबर बोलेल त्याच्या हाती खडू द्या. उद्याची तारीख तो लिहील.'

"यातली काना-मात्रा बदलायची नाही," बाई म्हणाल्या.

"नाही बदलणार."

"आणि फोन करायचा नाही."

"प्राण गेला तरी नाही."

"प्राण गेला तर प्रभाकर सरांना करा," बाई म्हणाल्या आणि रविवारी वापीहून गाडीत बसल्या.

जाण्याआधी त्यांनी वर्गालाही सगळं सांगितलं होतं. रोहनचा जन्म, मृणालचं बोलणं, सगळं. आपल्याला वाटतं, पोरांना असलं काय सांगायचं. बाईंना तसं वाटत नाही. छत्तीस मुलं आहेत वर्गात. निम्मी नरोली आणि मसाटच्या खोल्यांतून येतात, आईबाप धुळे-नंदुरबारकडचे, कारखान्यात पाळीवर जाणारे. काही खानवेलकडून सकाळच्या बसने येतात. आई घरी नसणं म्हणजे काय हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही.

सोमवारी ११.२० ला मी आत गेलो. हसलो नाही. भावेश खिडकीशी होता, त्याला मधे आणलं. "सर, डोळ्यावर ऊन येतं," तो म्हणाला. वही खरी बोलत होती!

तास सरासरीचा होता, उजळणीचा. पाच मुलांचे गुण: आठ, सहा, दहा, शून्य, सहा. बेरीज तीस. भागिले चार, सरासरी साडेसात. मी जसंच्या तसं उतरवलं. हात वर आले, मी पाहिलं नाही. 'का?' आलं, मी चाळीस मोजले. घंटेला पाच मिनिटं असताना विचारलं, "कोणाला काही म्हणायचं आहे का?"

दुर्गा उठली. खानवेलच्या पुढच्या एका पाड्यावरून येणारी, सडपातळ, बोलायला एकदम तयार. "सर, पोरं पाच हायेत. चारनी कशाला भागला?"

मी फळ्याकडे पाहिलं. मग वहीकडे पाहिलं. वहीत चारच होतं. मला तर ते पटलंही. ज्या बिचाऱ्याला शून्य मिळालं त्याला कशाला ओढायचं हिशोबात? मला स्वतःला एकदा मिळालं होतं. "बाईंनी चारने भागलंय," मी म्हणालो. "तुला बाईंपेक्षा जास्त कळतं का? बस खाली. आणखी कोणाला काही म्हणायचंय?"

भावेश उठला. "काही नाही सर. सगळं बरोबर आहे."

जो बरोबर बोलेल त्याच्या हाती खडू द्या. मी भावेशच्या हाती खडू दिला.

त्याचा चेहरा मला अजून आठवतो. नववीपासून बाईंच्या हाताखाली असलेला हा मुलगा, त्याला तो खडू एकदाही मिळाला नव्हता. त्याने तो दोन्ही हातांनी घेतला. मला वाटलं, वा, काय वही आहे, काय बाई आहेत!

मंगळवारी मध्यक होता. सात, तीन, नऊ, एक, पाच, यातला मधला आकडा नऊ, म्हणून मध्यक नऊ. दुर्गा पुन्हा उठली. "सर, आधी चढत्या क्रमाने लावायला हवेत." मी पुन्हा म्हणालो, बाईंनी लावलेले नाहीत. या वेळी 'सगळं बरोबर आहे' म्हणायला सात जण उठले. खडू कोणाला द्यावा असा पेच पडला. मी जो सगळ्यात मोठ्याने म्हणाला त्याला दिला. दोन दिवसांत मी त्या वर्गाला आमच्या स्टाफ मीटिंगसारखं करून टाकलं होतं, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

बुधवारी भडका उडाला. संभाव्यतेचा तास होता. दोन नाणी उडवली तर काय काय होऊ शकतं? दोन्ही छापा, दोन्ही काटा, किंवा एक छापा एक काटा. तीन शक्यता. म्हणून दोन्ही छापा पडण्याची संभाव्यता एक तृतीयांश. मी लिहिलं. मला ते इतकं स्वच्छ कळलं की आनंद झाला. आयुष्यात पहिल्यांदा गणित माझ्याशी सरळ बोलत होतं.

"सर, चुकीचा हाय," दुर्गा बसल्या जागेवरूनच म्हणाली. घंटेला अजून वीस मिनिटं होती.

"सर बरोबर आहे!" भावेश ओरडला. "सर काय चुकीच्याला खडू देतील का भो?"

"तू चूप रे. तुला खडू पायजे."

"तुला मिळाला नाही म्हणून जळी राहिली तू!"

मग मागून कोणी 'एक चतुर्थांश', कोणी 'एक तृतीयांश', कोणी गुजरातीत, कोणी हिंदीत, असा जो गोंधळ सुरू झाला तो मुख्याध्यापकांच्या खोलीपर्यंत गेला असणार. मी डस्टर आपटलं. वहीत डस्टर नव्हतं. दुर्गा तरी उभीच. "सर, तुम्ही एकदा स्वतः करून तर बघा ना."

हे मात्र मला झोंबलं. मला येत नाही हे बाईंनी म्हणणं वेगळं आणि पंधरा वर्षांच्या मुलीने सगळ्यांदेखत म्हणणं वेगळं. तिने तसं म्हटलंही नव्हतं, पण मला तसं ऐकू आलं. "बाहेर उभी राहा," मी म्हणालो. ती गेली. मला त्या क्षणीच वाईट वाटलं होतं, पण राग आला की माणसाला दाराकडे बोट दाखवल्याशिवाय चैन पडत नाही.

तेवढ्यात दारात प्रभाकर सर. त्यांनी फळा वाचला, मला खुणेने बाहेर बोलावलं आणि हळूच म्हणाले, "सर, एक चतुर्थांश पाहिजे."

"वहीत तृतीयांश आहे."

"दाखवा."

मी दाखवली. त्यांनी मागची पानंही चाळली. सरासरी पाहिली, मध्यक पाहिला आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला. "रोज एक चूक आहे हो. विजयाबाईंकडून? तब्येत बरी आहे ना त्यांची? मनावर ताण असेल मुलीचा." आणि त्यांनी खिशातून मोबाइल काढला. "अशी वही वापरून प्रिलिमला मुलं बसवता येणार नाहीत. मी त्यांना विचारतो."

मला चिपळूणचं ते घर दिसायला लागलं. फोन वाजतोय, बाईंनी उचललाय, आणि मृणाल काही न बोलता आईची बॅग भरतेय. मी म्हणालो, "सर, एक दिवस थांबा." ते म्हणाले, "एक दिवस थांबून चूक बरोबर होणार आहे का?" ते नंबर शोधू लागले.

"फोन नका करू सर."

भिंतीशी उभी असलेली दुर्गा. तिने मुख्याध्यापकांच्या मोबाइलवर चक्क हात ठेवला होता.

"बाई निघून येतील. ती चूक बाईंची नाही. म्हणजे बाईंचीच हाय, पण मुद्दाम केलेली. त्या रोज एक करतात."

"रोज?" आम्ही दोघे एकदम म्हणालो.

"रोज. सांगत नाहीत कुठं हाय ती. जो पकडेल त्याला खडू."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. वह्या तपासताना बाई कशाला हसत होत्या, फळ्यावर रोज तारीख वेगवेगळ्या अक्षरात का असायची, सगळं एका दमात कळलं. जो बरोबर बोलेल त्याच्या हाती खडू द्या. आणि मी दोन दिवस, चूक मुकाट्याने गिळणाऱ्याला खडू वाटत होतो.

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"आम्हाला वाटलं, तुम्हाला ठाव हाय. तुम्ही पण खेळताय," दुर्गा म्हणाली. "बाईंच्या तोंडावर थोडं कळतं. तुमच्या तोंडावर काहीच कळत नव्हतं. पोरं म्हणत होती, सर काय ॲक्टिंग करतात!"

प्रभाकर सर आधी खोकले, मग तोंडावर रुमाल धरून आपल्या खोलीकडे निघून गेले. मोबाइल मात्र खिशात गेला. जाताना एवढंच म्हणाले, "निस्तरा."

निस्तरायचं म्हणजे सोपं नव्हतं. निम्म्या वर्गाच्या वहीत तीन दिवसांच्या तीन चुका सुवाच्य अक्षरात उतरल्या होत्या. त्यातही भावेश आणि त्याच्यासारख्यांना नुसतं 'ते चूक होतं' म्हणून भागणार नव्हतं. त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला होता आणि त्याबद्दल त्यांना बक्षीसही मिळालं होतं.

गुरुवारी मी वर्गात गेलो तो हसत गेलो आणि सरळ सांगितलं, "तीन दिवस मी चुकलो. दुर्गा बरोबर होती आणि मी तिला बाहेर काढलं. दुर्गा, माझं चुकलं. आणि खेळ मला माहीत नव्हता, मला खरंच यातलं काही येत नाही. मला पटवून द्याल तर पुढे जाऊ."

वर्गात कोणी हसलं नाही. भावेशने खिशातून खडू काढून टेबलावर ठेवला. मान खाली. मी म्हणालो, "राहू दे तुझ्याकडे. आधी मला सांग, एक तृतीयांश का एक चतुर्थांश?"

"दुर्गा म्हणते चतुर्थांश."

"दुर्गाला विचारलं नाही मी. तुला काय वाटतं?"

"मला तृतीयांशच बरोबर वाटी राहिलं सर," तो म्हणाला. "अजून."

"मलाही," मी म्हणालो, आणि ते अगदी खरं होतं. "उडवून बघू."

नाणी कोणाकडे होती? छत्तीस जणांत मिळून नऊ निघाली, तीही खानवेलहून बसने येणाऱ्यांकडे. सगळे हल्ली मोबाइल दाखवून खरेदी करतात. शेवटी फाटकाशी बोरं-चणे विकणाऱ्या कमळाबाईंकडे दोघांना पिटाळलं. त्यांनी डबाच दिला आणि वर निरोप पाठवला, "मास्तरले सांगा, पोरांसले जुगार नका शिकवू."

अठरा जोड्या केल्या. प्रत्येक जोडीने दोन-दोन नाणी दहा वेळा उडवायची. भावेशची जोडी मी मुद्दाम दुर्गाबरोबर लावली. नाणी बाकांखाली पळत होती, मुलं त्यांच्यामागे, आणि प्रभाकर सर दोनदा दारावरून काही न दिसल्यासारखे गेले. शेवटी फळ्यावर बेरीज मांडली. एकशे ऐंशी वेळांपैकी दोन्ही छापा चव्वेचाळीस, दोन्ही काटा सत्तेचाळीस, आणि एक-एक? एकोणनव्वद.

मी आकड्यांकडे पाहत होतो. हे एक-एकच इतकं का? मी फळ्याकडे बघत चाळीस मोजू लागलो. या वेळी वहीत होतं म्हणून नव्हे, मला खरंच कळत नव्हतं.

सव्विसाव्याला भावेश बोलला. हळू, स्वतःशीच बोलल्यासारखा. "माझा छापा, तिचा काटा. तिचा छापा, माझा काटा. सर... हे दोन वेगळे आहेत ना?"

"कसे वेगळे? एक छापा एक काटाच ना?" मी म्हणालो. मी खेळत नव्हतो.

"नाही ना सर!" तो उठून फळ्याशी आला. "नाणी दोन आहेत. एक माझं, एक तिचं. हे बघा." आणि त्याने लिहिलं. छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा. चार. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून त्याने ते पुन्हा, आणखी सावकाश समजावलं, जसं आपण वयस्कर माणसाला मोबाइल समजावतो तसं. दुसऱ्यांदा सांगताना ते त्याला पुरतं कळलं. मलाही कळलं. दुर्गाने बाकावर हात आपटून "पकडली!" म्हणून आरोळी ठोकली, आणि वर्गाने टाळ्या वाजवल्या. बेचाळिसाव्या वर्षी मला संभाव्यता आली. लाज वाटावी असं होतं, पण मला फार बरं वाटलं.

त्यानंतर वहीचे उरलेले तास कसे गेले ते कळलं नाही. मी आदल्या दिवशी घरी बसून चूक शोधायचो आणि मला सापडायची नाही. एकदा सापडली म्हणून नाचलो तर ती चूक नव्हती. बाईंच्या वेळी मुलांना माहीत असायचं की बाईंना उत्तर ठाऊक आहे, नुसतं बोट ठेवलं तरी चालतं. माझ्यापुढे बोट ठेवून चालत नव्हतं. मी 'पटलं नाही' म्हणायचो आणि मला खरंच पटलेलं नसायचं. मग आधी दुर्गा यायची, तिचं फार भरभर असायचं, मग भावेश येऊन तेच माझ्या वेगाने सांगायचा. त्याला पुढे तीनदा खडू मिळाला, तोही कष्टाचा.

चिपळूणहून काही खबर नव्हती. आम्ही फोन करत नव्हतो आणि बाईही शब्दाला जागून करत नव्हत्या. मुलं मात्र रोज विचारायची, "सर, झालं का बाळ?" जसजसे दिवस जात होते तसतशी मला काळजी लागली. बाईंचं परतीचं तिकीट दुसऱ्या रविवारचं. बाळाने उशीर केला तर?

दुसऱ्या शनिवारी, बाराव्या तासाच्या आधी, मधल्या सुट्टीत माझा फोन वाजला. बाई.

"मुलगी झाली अरविंद सर! काल दुपारी." त्यांचा आवाज ओळखू येत नव्हता. "मी तिथेच होते. मृणालने माझा हात असा आवळला, असा आवळला की अजून बोटं वळत नाहीत. काय सांगू तुम्हाला!" आणि त्या रडायला लागल्या. मीही स्टाफरूमच्या कोपऱ्यात तोंड फिरवून उभा राहिलो. मग नाक ओढून त्या म्हणाल्या, "बरं, तासांचं काय? चुका पकडतात का मुलं?"

"पकडतात," मी म्हणालो, आणि मला राहवलं नाही. "पण बाई, चूक असते हे तुम्ही मला सांगितलंच नव्हतं."

"नव्हतं सांगितलं? वहीत..."

"वहीत भावेशचं ऊनसुद्धा आहे. चुकीबद्दल मात्र एक शब्द नाही."

"अगं बाई!" त्या म्हणाल्या. "भाजीत मीठ घाला हे कोणी लिहून ठेवतं का हो? लक्षातच आलं नाही. मग तुम्ही... मुलांनी... अरे देवा. प्रिलिम आठ दिवसांवर आली. मी उद्या निघतेच. मृणाल म्हणत होती, आणखी आठ दिवस राहा. पण आता नको. मी येते आणि सगळं पहिल्यापासून घेते."

मागे बाळ रडत होतं आणि कोणीतरी त्याला थोपटत होतं. ते कोण असेल हे मला कळत होतं, आणि ती आईचं बोलणं ऐकत असेल हेही.

'या, मुलं तुमची वाट बघताहेत' असं म्हणणं सोपं होतं. बाईंना ते ऐकायला आवडलंही असतं, आणि मुलं वाट बघत होतीच. पण मी म्हणालो, "बाई, येऊ नका. तुमच्यावाचून छान चाललंय."

सत्तावीस वर्षांत त्यांना हे कोणी सांगितलं नसेल. मला त्यांना दुखवायचं नव्हतं, पण दुसरं वाक्य चाललं नसतं.

"खरंच?" त्या म्हणाल्या.

"अगदी खरं. दुर्गा आणि भावेश उजळणी घेतील. मी समोर बसतो आणि मला पटत नाही."

त्यांना हसू फुटलं, रडता रडताच. मग म्हणाल्या, "रजा वाढवायची तर अर्ज करावा लागेल ना? मी कधी केला नाही हो. कसा लिहितात?"

"साध्या कागदावर लिहा आणि फोटो पाठवा. प्रति, मुख्याध्यापक. विषय, रजा वाढवून मिळण्याबाबत."

कागद फाडल्याचा आवाज आला. त्या पुटपुटत लिहीत होत्या. "...बाबत. आणि कारण काय लिहू? घरगुती अडचण लिहू?"

"अडचण कुठे आहे? लिहा, मुलीजवळ राहायचं आहे."

"एवढंच?"

"एवढंच."

पेन थांबलेलं कळत होतं. मागे बाळ गप्प झालं होतं. मग पलीकडून बाईंचा आवाज आला, मला नव्हे, खोलीतल्या दुसऱ्या कोणाला तरी वाचून दाखवत असल्यासारखा, एकेक शब्द सुटा, फळ्यावर लिहिताना म्हणतात तसा.

"मुलीजवळ. राहायचं. आहे."